तुरळक ठिकाणी

आबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि आता तो वागवायचाही कंटाळा आला आहे.

तो मे महिना. वेधशाळेतून रजा घेऊन मी असोद्याला आले होते. जेवताना रेडिओवर आमचं नेहमीचं वाक्य लागलं: तुरळक ठिकाणी वादळी पावसाची शक्यता. तुम्ही ताटातला हात थांबवलात. "तुरळक ठिकाणी म्हणजे कुठं? माझ्या बागेत का शेजारच्या नानाच्या?" सांगता येत नाही, म्हटलं. "सिस्टरांच्या शाळेत घातलं ते गोलगोल बोलायला? हो म्हण, नाहीतर नाही म्हण." दुसऱ्याच दुपारी वारं सुटलं आणि आपली केळी घडांसकट आडवी झाली. बांधापलीकडे नानांची उभी. पुढे पारावर कोणी माझी चौकशी केली की तुम्ही सांगायचात, "ती ना? ती तुरळक ठिकाणी असते." लोक हसायचे. माझ्याशी मात्र तुम्ही पावसापाण्याचं पुन्हा बोलला नाहीत, आणि तसेच गेलात.

आता बाग तुमचा नातू बघतो. परवा चहा घेता घेता म्हणतो, "आत्या, तुम्ही म्हणे कॉम्प्युटरात फासे टाकायच्या?" टाकायचे. तुम्हीही ऐका, आता मधे तोडता येणार नाही. यंत्र आभाळाचे चौकोन पाडतं. आमच्या एका चौकोनात असोद्यापासून धरणगावापर्यंत सगळं मावायचं. आपली बाग झोपवणारा ढग त्याच्या एका कोपऱ्यातला. यंत्राला तो दिसतच नाही. पूर्वी आम्ही तिथे सरासरी भरायचो आणि यंत्र एकच चोख उत्तर द्यायचं, पुष्कळदा चोख चुकीचं. मग फासे आले. न दिसणाऱ्या ढगांना दर खेपेला थोडा वेगळा धक्का द्यायचा, तेच गणित पुन्हा पुन्हा चालवायचं, आणि किती खेपांत वादळ येतं ते बघायचं. याला तुम्ही पळवाट म्हणाला असतात. मी म्हणते, जे दिसत नाही ते दिसत नाही असं कबूल करून बोलणं, याहून सरळ बोलणं कुठलं?

"ते ठीक आहे आत्या, पण आपल्या बागेचं काय?" नातू तुमचाच. मी म्हटलं, "तुरळक ठिकाणी."

एक मात्र त्याला सांगितलं नाही. निवृत्त होईपर्यंत दर मे महिन्यात त्या सगळ्या खेपा पडद्यावर आल्या की मी आधी एकच शोधायचे, असोद्यावरून वारं न जाणारी. आपला बांध त्या चौकोनात कुठेच दिसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही जाऊनही वर्षं लोटली होती. तरी शोधायचे.