अलार्ममधला पहिला नंबर

प्रिय श्रावणी,

फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस आणि मग मी चिडते, म्हणून लिहायला बसले. कागद बरा, तो मध्येच रडायला लागत नाही. तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. त्या अलार्मचं काय करायचं, आणि अमरावतीचं घर विकून मी अकोल्याला तुमच्याकडे कधी येणार. पावसाळ्याच्या आत सांग म्हणालीस. सांगते. पण आधी अलार्म, कारण सगळं त्याच्यातूनच निघालं.

कोपऱ्यावरची मंडळी चिखलदऱ्याला गेली आणि मागे भरदुपारी चोरांनी त्यांचं घर साफ केलं, तेव्हापासून तुझ्या डोक्यात हे भूत शिरलं. आमच्या जावईबापूंनी, शुभंकररावांनी, जगभरचे व्हिडिओ पाहिले आणि कॅमेरेवाला संच घ्यायला निघाले. मीच नको म्हटलं. अख्खी नोकरी परीक्षेच्या वर्गात पोरांवर नजर ठेवण्यात गेली, आता म्हातारपणी माझ्यावर पर्यवेक्षक कशाला? दुकानातल्या माणसाला मी चांगलं फैलावर घेतलं, आठवतं ना? लाइट गेली तर? आत बॅटरी आहे. नेट गेलं तर? सिमकार्ड आहे, तेच फोन लावतं. पाल फिरली तर? त्यावर तो हसला, मी हसले नाही. शेवटी साधाच घेतला. दोन्ही दारांना चुंबकाचे तुकडे, दार उघडलं की ते सुटतात आणि सायरन वाजतो. मधल्या बोळीत माणसाची हालचाल ओळखणारा एक सेन्सर. पुढच्या दाराशी आकड्यांचा चौकोन, त्यावर आपला कोड दाबला की सगळं गप्प. हा कोड कोणालाही सांगायचा नाही, असं त्यानं मला पहिलीतल्या पोरीसारखं बजावलं.

मग त्यानं विचारलं, वाजला की फोन कोणाला लावायचा? पहिला नंबर तुझा दिला, दुसरा शुभंकररावांचा. तो म्हणाला, मॅडम, हे दोन्ही अकोल्याचे, गल्लीतलं कोणी द्या, चालत येईल असं. मी म्हटलं, गल्लीत तसं कोणी नाही. तू तेव्हा माझ्याकडे पाहिलंस.

तुला माहीत होतंच. शेजारच्या गोदाबाईंशी माझं बोलणं बंद होतं. नातवंडांच्या शाळेसाठी तिवशाकडून इथं राहायला आल्या, स्वभावानं मोकळ्या, सकाळी मागच्या दारातून हाक मारून सरळ स्वयंपाकघरात यायच्या. हिवाळ्यात त्यांनी आपल्या शेतातल्या तुरी रस्त्यावर वाळत घातल्या, थेट आपल्या गेटसमोर. माझी रिक्षा अडली. मी तिथंच, चारचौघांत म्हणाले, ही कॉलनी आहे, तुमचं खळं नाही. त्या खाली बसून तूर गोळा करत होत्या. वर पाहून एवढंच म्हणाल्या, "तुरीच्या दाळीबिगर जेवता का बाई तुमी?" त्या दिवसापासून मागच्या दारातली हाक बंद. मीही ताठ. इतकी वर्षं पोरांना एकमेकांची माफी मागायला लावली, स्वतःची वेळ आली तर जीभ टाळूला चिकटली.

आता त्या दुपारचं सांगते. तुला मी पाय मुरगळला, शेजारचे धावून आले, एवढंच सांगितलं होतं. धावून आले कसले! जेवून मी आडवी झाले होते. घरात असताना बोळीतला सेन्सर बंद ठेवून फक्त दारं चालू ठेवता येतात, तसं केलं होतं. डोळा लागला आणि कूलर कोरडी, गरम हवा फेकायला लागला. म्हणजे टाकीतलं पाणी संपलं. मे महिन्यात अमरावतीचं माणूस झोपेतसुद्धा कूलरच्या पाण्यासाठी उठतं, डोकं जागं व्हायची गरज नसते. मी तशीच उठले आणि पाइप लावायला मागचं दार उघडलं. बाप्पा! कानठळ्या बसल्या. दचकले, आणि कूलरच्या गळतीनं जिथं शेवाळ धरलंय तिथंच पाय गेला. पडले ती उठता येईना. कोड दाबायचा पुढच्या दाराशी, आणि मी मागच्या दारात.

सायरन बोंबलतोय आणि गल्लीत पान हलेना. मी हाका मारल्या. प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत होता, बाहेरचं काय ऐकू येणार? चोरांनी दुपारच का निवडली ते मला तिथं पडल्या पडल्या समजलं. तिकडे तुझा फोन वाजला, तू गल्लीतल्या सगळ्यांना फोन लावलेस, कोणी उचलला नाही. श्रावणी, खरं सांगते, तेव्हा मला फार भीती वाटली. चोराची नाही. असंच ऊन कलेपर्यंत पडून राहावं लागेल, याची.

गोदाबाई तेवढ्या गच्चीवर होत्या. कुरडया वाळत घातलेल्या, कावळे हाकलायला काठी घेऊन डोक्यावर पदर धरून बसल्या होत्या. त्या काठीसकट आल्या. "काहून बोंबलून रायलं व तुमचं घर? अन् तुमी खाली काहून?" मी म्हटलं, आधी ते बंद करा. "नंबर सांगा लवकर, माहे कान फुटून रायले!" आणि तो गुपित कोड मी जमिनीवरून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडून सांगितला. त्यांनी काठी टेकवून एकेक आकडा दाबला. मग मला धरून आत आणलं, पायाला हळद लावली आणि तू येईपर्यंत हलल्या नाहीत. तुरीचं दोघींनीही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारातून हाक आली. कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक वाटीत, वर दूध-साखर. तेव्हा मात्र मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "खा गरम हाय तोवर."

तेव्हा अलार्म बिघडलेला नाही, तो परत करायचा नाही. शेवाळ घासून घेतलं आहे. दार उघडायच्या आधी कोड दाबायचा, हे मागच्या दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. आणि काल दुकानातल्या त्या माणसाला बोलावून मी नंबर बदलून घेतले. पहिला नंबर आता गोदाबाईंचा. तुझा त्यांच्यानंतर, त्यांनी उचलला नाही तरच लागेल असा.

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. रागावू नकोस. त्या दिवशी तू बँकेतून तशीच निघालीस, आणि आपली प्राजक्ता उन्हाळी शिबिराच्या गेटवर उन्हात तुझी वाट पाहत उभी राहिली. तू मला सांगितलं नाहीस. तिनंच परवा फोनवर सांगितलं, आजी, आई मला विसरली होती. ती हसत सांगत होती, मला जेवण गेलं नाही. माझ्या दाराला कोणी हात लावला की अकोल्यात तुझ्या काळजाचा ठोका चुकावा, हे मला नको आहे गं. घर विकायचं नाही, मी इथंच राहते. मागच्या दाराची किल्ली गोदाबाईंना दिली आहे आणि कोड तर त्यांना पाठच आहे. ठरलंय असं, की वाजला तर आधी त्या येतील, मला डोळ्यांनी पाहतील आणि मग तुला फोन करतील. तो फोन तुला येईल तेव्हा माझ्याजवळ कोणीतरी बसलेलं असेल.

प्राजक्तासाठी कुरडया ठेवल्या आहेत, घेऊन ये तिला.

तुझीच,
हट्टी आई