मीठ उशिरा लागलं

१८ नोव्हेंबर

रेनो गेला. शिकारीच्या मोसमाच्या पहिल्याच सकाळी, पंधरा तारखेला, दहा टोकी शिंगांचा हरणाचा नर पाडला म्हणे! मग दोन दिवस गावच्या खांबावर टांगून मिरवला — यंदा थंडीचा पत्ता नाही, माश्या घोंगावतायत, तरी टांगायचा! पद्धतच आहे इथली. आणि काल कॉफी पिता पिता खुर्चीतच कोसळला.

रडू आलं नाही. नऊ वर्षांपूर्वी डार्लासाठी मला सोडून गेला, तेव्हाच काय ते रडून घेतलं. जाताना भिंतीवरचं पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकंही घेऊन गेला. खिळा तेवढा राहिला.

१९ नोव्हेंबर

दुपारी डार्ला कामाच्या खोलीत हजर! हातात कचऱ्याची काळी पिशवी, तोंड आवळून बांधलेली. आत त्या नराचं मुंडकं, मानेच्या कातड्यासकट. "अयली, पेंढा भरायला तुमच्याशिवाय कुणाकडे नेऊ? त्याचं शेवटचं आहे हो." डोळे सुजलेले. मला बरं वाटलं. वाटलं तर वाटलं!

ती आणखी काही सांगायला लागली. "ठेवा तिथं," म्हटलं आणि पाठ फिरवली.

पिशवीला हात लावला तर गरम. असं कातडं तासभरही ठेवू नये. सोलायचं, कान उलटे करायचे, ओठ-पापण्या आतून उघडायच्या, बारीक मीठ रगडून चोळायचं — नाहीतर आतून सडतं आणि केस सुटतात. तीस वर्षं हेच करतेय. रेनोलाही मीच शिकवलं.

पिशवी शेगडीजवळ तशीच ठेवली. कॉफी केली. वेलदोड्याचा पाव होता, तो खाल्ला. तिच्या भिंतीसाठी मी का धावू?

२० नोव्हेंबर

सकाळी पिशवी सोडली. वास! घाईघाईनं सोललं, मिठाचा बोटभर थर थापला.

२१ नोव्हेंबर

ओलं मीठ झटकलं. कानामागे केस हलकेच चिमटीत धरले — पुंजकाच हातात आला. डोळ्यांभोवतीही तेच. सुटलेला केस मीठ परत रोवत नाही.

डार्लाला फोन केला. "दोन दिवस उन्हात टांगलं होतं ना? तिथंच गेलं." अगदीच खोटं नाही. खरंही नाही.

"मी सांगत होते त्याला, उतरव म्हणून! ऐकेल तर शपथ..." आणि रडायलाच लागली. मी फोन ठेवला.

२३ नोव्हेंबर

दफन झालं. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी. डार्ला शेजारी येऊन बसली. म्हणाली, "त्या दिवशी सांगणार होते, तुम्ही ऐकलं नाहीत. ते माझ्या घरासाठी नव्हतंच. नर पाडला त्याच दिवशी म्हणाला होता, हे अयलीला द्यायचं. तिनं खिळा काढला नसेल अजून."

खिळा आहे, रेनो. केस मी घालवले.