शेवटचं पान

प्रिय दादा,

आपल्या वादळवीराच्या कॉमिकचा नवा अंक काल आला. चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून सुटल्यावर घेतला आणि घरी चहाबरोबर वाचला. तुला त्यातल्या मारामाऱ्या आवडायच्या, मला शेवटचं पान. शहर वाचवून तो घरी येतो, बूट काढतो आणि ‘दिवस कसा गेला?’ असं विचारायला कुणी नसतं. आई गेल्यापासून ते पान मला माझंच वाटतं.

या वेळी त्या पानावर शेजारीण दार वाजवते. “जेवलास का?” एवढंच विचारते. इमारती कोसळताना न डगमगलेला गडी दारातच रडायला लागतो. मलाही रडू आवरेना. आपलं दार कोण वाजवणार, असं म्हणत बराच वेळ बसून राहिले. मग उठून समोरच्या काकूंचं दार मीच वाजवलं.

“काही हवंय का गं?”

“नाही, सहज आले.”

काकूंनी दार सताड उघडलं. “बरं झालं आलीस. मघापासून भिंतीशीच बोलतेय.”

हे पत्र काही मी टाकणार नाही. तू घाबरून फोन करशील, आणि सवयीनं मी म्हणेन, मजेत आहे.

तुझी,
बारकी