घड्याळातली सोळा हजार पावलं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कागदावरच घालतो आहे.) तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि तुम्हा दोघांतला अबोला, यांपैकी काय काय बरं झालं ते कळव. आई वरच्या खोलीत खुशाल आहे, म्हणजे दिवसातून तीसदा घंटा वाजवते.

पत्रास कारण, तू पाठवलेलं घड्याळ. चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं उघडून दुरुस्त करतो आहे. मनगटावर बसून मालकालाच उघडं पाडणारं हे पहिलंच. माझी पावलं, नाडीचे ठोके, जळलेल्या कॅलरी, सगळं तुझ्या फोनवर दिसतं. आणि महिनाभरात रोजची आठ हजार पावलं झाली नाहीत तर खालच्या दुकानाला कुलूप, असं तू (निवृत्त मेट्रनच्या आवाजात) बजावलंस. तेव्हा माझे ठोके किती झाले होते ते तू पाहिलंच असशील.

पहिले चार दिवस मी प्रामाणिक होतो. रोज नऊशे पावलं, त्यातली निम्मी चष्मा शोधताना. पण हे यंत्र तासातासाला थरथरून 'उठा' म्हणतं. पाचव्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली होती. हे थरथरलं, आणि ती स्प्रिंग जी उडाली ती अजून सापडलेली नाही. मी रागाने ते काढून स्वयंपाकघरात ठेवलं. तुझ्या भावजयीने 'भिजेल बाई' म्हणत ते स्वतःच्या हातात चढवलं आणि कामात विसरून गेली. संध्याकाळी तुझा फोन : शाब्बास, सोळा हजार! ताई, उभ्या आयुष्यात तू मला शाब्बास म्हटल्याचं आठवत नाही. ते परत करवेना.

दुसऱ्या दिवसापासून मीच सकाळी घड्याळ तिच्या हातात बांधू लागलो. "वन्संचं मन राखायला एवढंच ना?" म्हणाली, आणि घंटा वाजली तशी वर गेली. बाई उंबरा ओलांडत नाही आणि पावलं सोळा हजार! यंत्रच बिघडलं असणार, असं मला वाटलं (धंद्याची खोड). एक दिवस दुकान बंद ठेवून मी जिन्याशी स्टूल टाकून बसलो. पायऱ्या बावीस, फेऱ्या एकतीस, शिवाय गच्ची, वाळवण, ओटा. यंत्र अचूक आहे.

मग तुझं फर्मान आलं : साडेअकराला ठोके एकशे अठ्ठावन्नवर जातात आणि अर्धा तास उतरत नाहीत, तेव्हा आठ दिवस सक्तीची विश्रांती, आणि शुक्रवारी हृदयाच्या डॉक्टरांकडे. तुझा शब्द मी कधी मोडला आहे? मी पलंगावर आडवा झालो. जेवण, पाणी, वर्तमानपत्र, सगळं ही आणून देऊ लागली. त्या दिवशी अठरा हजार झाली आणि तू फोनवर ओरडलीस, "पडून राहा म्हटलं तर धावतोस कशाला?" मी पडूनच होतो, ताई.

असो. माझी प्रकृती ठणठणीत आहे. आजवर माया करत आलीस, ती हे पत्र वाचून झाल्यावरही ठेव.

तुझा धाकटा

ता. क. शुक्रवारची वेळ रद्द करू नकोस, फक्त नाव बदल. ते एकशे अठ्ठावन्न ठोके हिचे आहेत. नवव्या पायरीवर ती कठडा धरून थांबते. मी इतकी वर्षं समजत होतो, काहीतरी विसरली असेल.

आणखी एक. हिला यातलं सांगू नकोस, 'मला काय धाड भरली आहे' म्हणेल. तपासणी माझी आहे आणि ती सोबतीला येते आहे, एवढंच तिला ठाऊक आहे. माझ्यासाठी म्हटलं की ती कुठेही येते. तू गुरुवारीच ये आणि आठवडाभर आईपाशी राहा. दुकानाचं कुलूप मी आणून ठेवलं आहे, हवं तर तूच लाव.

शेवटचं. हे लिहिताना घंटा तीनदा वाजली, तिन्ही वेळा मी गेलो. घड्याळ आज माझ्या हातात आहे. ठोके वाढलेले दिसतील, ते जिन्यामुळे नाहीत. मला भीती वाटते आहे.