बोरगावातला रविवारचा सिनेमा

८ फेब्रुवारी, रविवार
दुपारी देशकर सरांकडे, बोरगाव मेघे. बारा-तेरा जण होतो. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आम्हाला. रिटायर झाल्यापासून दर रविवारी वरच्या खोलीत सिनेमा लावतात. आजचा: एक शहर, शेजाऱ्याची चुगली केली तरच पाणी. मारहाण एकदाही दाखवली नाही. दार बंद होतं, आणि कॅमेरा बाहेर रांगेतल्या माणसांवर. एक बाई कळशी या हातातून त्या हातात घेते. बस. एवढ्याशात केवढं सांगितलं!
सरांनी मध्येच थांबवला. "उरलेला पुढच्या रविवारी. आठवडाभर डोक्यात राहू द्या."

१० फेब्रु.
जेवताना मनोज, माझा दीर: "वयनी, तो मास्तर आपल्या पार्टीच्या विरोधातले पिच्चर दाखवून राह्यला म्हणते."
म्हटलं, त्यात कोणत्या देशाचं नावही नाही. तुम्हाला काऊन झोंबलं?
ताट सरकवून उठला. यांनी माझ्याकडेच रागाने पाहिलं.
मनोजला सांगितलं कोणी? आमच्यातल्याच कोणी तरी.

१५ फेब्रु., रविवार
अंगठा सुजलाय. अक्षर वाकडं.
सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि सहा जण वर आले. तोंडाला रुमाल. पडदा फाडला, प्रोजेक्टर जिन्यावरून खाली. सर एवढंच म्हणाले, "चपला बाहेर काढा रे." पहिला रॉड खांद्यावर. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज. दुसरा कानशिलावर.
आम्ही सगळे भिंतीला चिकटून. मीही. किती वेळ, माहीत नाही.
मग मी लोखंडी खुर्ची उचलली, रॉडवाल्याच्या तोंडावर घातली. पडला. परत घातली. तिसऱ्यांदा कशाला घातली ते...
रुमाल सरकला. मनोज.
"वयनी," म्हणाला. दात लाल.

१६ फेब्रु.
मनोजला त्याचे मित्रच उचलून घेऊन गेले. जाम गावच्या चौकात गाडीवरून पडला, असं दवाखान्यात सांगितलं. डावा डोळा जाणार. सासूबाई रडतात, "किती डाव सांगतलं, गाडी हळू चालव!" मी त्याच्यासाठी डबा भरत होते.
यांना खरं सांगितलं. यांनी उठून दार लावलं. मग, "तू तिथं गेलीच नव्हती. समजलं?"

१८ फेब्रु.
सर गेले. सकाळी सात वाजता, दवाखान्यात. शुद्धीवर आलेच नाहीत.
सगळ्यांनी पोलिसांना एकच सांगितलं: खोलीत अंधार होता, कोणी ओळखू आलं नाही. माझं नाव कोणीच घेतलं नाही. वाईट हे, की बरं वाटलं.

२६ फेब्रु.
मनोज घरी आला. डोळ्यावर पट्टी. चहा न्यायला गेले तर म्हणाला, "मास्तरले मारून टाकाचं नव्हतं, वयनी. धमकावाचं होतं फक्त." एका डोळ्याने कप नीट धरता येईना. कप मीच धरला त्याच्या तोंडाशी.
"मी तुमचं नाव नाई सांगितलं कोणाले. आता तुमी..."
मी कप घेऊन बाहेर आले.
संध्याकाळी मीच ठाण्यात फोन केला. म्हटलं, मी होते तिथे. उद्या अकराला बोलावलंय. हे म्हणतात, मी सोबत येतो. नको म्हटलं.