तळघराचं छत

१४ मार्च

प्रिय छकुली,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. आई ठीक आहे. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते आणि तिथून शेजाऱ्यांना गाडी कशी लावायची ते शिकवते.

तळघरातल्या थिएटरचं नवंकोरं छत मी का फोडलं, असं तू विचारलंस. मिस्त्रीनेही विचारलं, फक्त तुझ्याइतकं गोड नाही. आधी वर नुसता स्लॅब होता. आवाज घुमायचा, संवाद कळायचे नाहीत, आणि सिनेमात बंदूक सुटली की वर आईच्या कपाटातल्या वाट्या थरथरायच्या. म्हणून जिप्समचे दोन थर लावले, वर आवाज शोषणारं लोकरीसारखं रॉकवूल भरलं, सगळं रबरी क्लिपांवर टांगलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, आता वर हत्ती नाचला तरी खाली कळायचं नाही." मी खूश.

आई काठी आपटून मला बोलवायची, आठवतं ना? दोनदा म्हणजे चहा, तीनदा म्हणजे फोन, धडाधड म्हणजे आवाज कमी कर. छत झालं आणि ठकठक थांबली. मला वाटलं, म्हातारीने माझा नाद सोडला.

आई पडली तेव्हा मी औषधं आणायला गेलो होतो, असं तुला फोनवर सांगितलं. आईनेही तेच सांगितलं. वर तूच माझी समजूत घातलीस, "दादा, तू एकटा कुठे कुठे पुरा पडशील?" ते वाक्य मला तेव्हापासून खातंय.

मी घरातच होतो गं. अगदी तिच्या पायाखाली, थिएटरमध्ये. सिनेमा संपवून वर आलो तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर, काठी हातात. पाऊण तास आपटत होती. काठीच्या टोकाचं रबर निघून पडलं होतं. मला बघून आधी म्हणाली, "छकुलीला सांगू नकोस. बाहेर होतास म्हण." आणि मी म्हटलं. लाज वाटते.

आता स्लॅबलाच कापडी पॅनेल ठोकलीत. आवाज घुमत नाही, पण वरचं सगळं ऐकू येतं. वाट्याही पुन्हा थरथरतात. काल पहिल्यांदा सिनेमा लावला, दहा मिनिटांत वरून धडाधड. आवाज कमी केला आणि तिथेच बसून रडलो.

तू आलीस की आईला काही विचारू नकोस. जे बोलायचं ते मला बोल.

तुझा,
त्या दिवशी घरातच असलेला
दादा