तुळशीपाशी ठेवलेली काडेपेटी

आई, सप्रेम जय भीम.

मुलुंडचं नवं घर मस्त आहे, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

मागच्या बागेत नुसतं रान माजलं होतं. ते काढून तू दिलेली वांग्याची रोपं लावली. मध्येच आधीच्या मालकांचं तुळशीवृंदावन निघालं. तुझा जावई म्हणाला, "आपण कुठे पूजा करतो? काढून टाक." तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. घर बंद असताना त्या रोज येऊन या तुळशीला पाणी घालून दिवा लावायच्या. मी म्हटलं, "या ना, लावा." चुकलं का गं?

आज त्या लेकीकडे गेल्या. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघूनसुद्धा काडेपेटी माझ्याच हातात ठेवून गेल्या. पाणी घातलं, ते झाड म्हणून. काडेपेटी तिथेच ठेवलीय. दिव्याचं काय करू? बाबांना विचारू नकोस, तूच सांग.

अंधार पडायला लागलाय.

तुझी माधुरी